दिवाळीआधी बाहेरचा रंग का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा राग समजण्यासारखा आहे. सभासदांकडून पैसे गोळा करून, परांची बांधून महागातला रंग लावायचा आणि दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला फोड, हे कुणालाही झोंबेल. इमारतीच्या बाहेरच्या रंगावरच्या लेखावर तुमचे आक्षेप तीन: दिवाळीआधी बाहेरून रंगवू नका हा सल्ला अव्यवहार्य, तयारीवर भर म्हणजे कंत्राटदाराचं बिल फुगवणं, आणि उपदेशापेक्षा चांगल्या कंपनीचं नाव सांगा.

आधी कंपनीचं. तुम्हीच लिहिलंय की फोड पश्चिमेच्या भिंतीला आणि मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद मोकळ्या जागेत आहेत, पूर्वेची बाजू ठणठणीत आहे. डबे तेच, रंगारी तेच. रंग खराब असता तर पूर्वेलाही सुटला असता. ठाण्यात चार महिने पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून असतो, आणि डक्टमध्ये बाथरूमचे पाइप. दोन्हीकडे गिलाव्यात पाणी मुरलेलं असणार. वरून रंगाचा पापुद्रा बसला आणि ऊन लागलं, की ते पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि पापुद्रा उचलतं. ओल्या भिंतीवर जाड, ‘वॉटरप्रूफ’ रंग तर जास्तच फुगतो, कारण त्यातून वाफेला वाट मिळत नाही.

खात्री करायची तर एक फोड कापून पोपड्याची मागची बाजू बघा. पाठीला पांढरी भुकटी असेल तर पुट्टी (रंगाआधी भिंत सपाट करणारा लेप) कच्ची राहिली, किंवा आतल्या भिंतींची पुट्टी बाहेर वापरली. वाळूचे कण आले तर गिलावाच भुसभुशीत. पाठ स्वच्छ आणि खाली जुना रंग हाताला खडूसारखा लागत असेल तर भिंत नीट घासली-धुतली नव्हती. आत ओल किंवा पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार दिसला तर पाण्याचा उगम शोधा.

आता दिवाळीचं. मुंबई-ठाण्यातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. 2025 मध्ये नरकचतुर्दशी 20 ऑक्टोबरला होती. एवढ्या दिवसांत चार महिने भिजलेली भिंत वाळत नाही. ती वाळली का हे हात लावून कळत नाही, पण स्वस्त चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवा, ऊन थेट लागणार नाही अशा जागी, आणि सोळा तासांनी काढा. आतून थेंब दिसले किंवा भिंत काळपट पडली तर थांबा. पश्चिमेला, डक्टमध्ये, गच्चीच्या कठड्यावर आणि खिडक्यांखाली, सगळीकडे करून बघा.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. गणपतीनंतर पाइपांची गळती, गच्चीचे सांधे, भेगा आणि पडका गिलावा ही कामं घ्या. नव्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारावं लागतं, आणि रंगाआधी तो किमान 28 दिवसांचा हवा, नाहीतर सिमेंटचा क्षार रंग खातो आणि ठिगळं फिकट दिसतात. हे उरकेपर्यंत डिसेंबर येतोच. सणासाठी जिना आणि प्रवेशद्वार आतून रंगवून घ्या.

बिलाबद्दल तुमचं एक म्हणणं पूर्ण मान्य. सरसकट दोन हात प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) हा लेखातला सल्ला चुकीचा होता. जुना रंग घट्ट असेल, खडू सुटत नसेल, तर प्रायमर फक्त दुरुस्त केलेल्या आणि उघड्या पडलेल्या भागाला पुरतो. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. पण शेवाळ काढण्याचा खर्च वाचवू नका. पाऊस शेवाळ धुऊन नेत नाही, वाढवतो. तारेच्या ब्रशने खरवडा, बुरशीनाशक लावून रात्रभर ठेवा, सकाळी धुवा आणि पूर्ण वाळू द्या. तसाच रंग लावला तर तो शेवाळाला चिकटतो, भिंतीला नाही.

बिल खरं फुगतं ते रंगात जास्तीचं पाणी घालण्याने. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण 50 ते 60 चौरस फूट होतात. म्हणजे 10,000 चौरस फुटांना 170 ते 200 लिटर, 20 लिटरचे नऊ-दहा डबे. खरबरीत गिलाव्याला जास्तच. रिकामे डबे सोसायटीने मोजून ताब्यात घ्यावेत. सहाच निघाले तर उरलेलं काम पाण्याने केलंय. नीट लावलेले दोन हात वाळल्यावरही मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी जाड असतात. त्यातलं आणखी कमी झालं तर ऊन-पाऊस काय अडणार?

यंदा पूर्ण इमारत पुन्हा रंगवू नका. डक्टमध्ये आधी प्लंबर, मग रंगारी. सुटे पोपडे खरवडून तो भाग पावसाळ्यानंतर उघडा ठेवा, चाचणी कोरडी आली की पुट्टी, प्रायमर आणि दोन हात. छटा थोडी वेगळी दिसेल, म्हणून मध्येच ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्या.