खारवट रानाला सरसकट जिप्सम नको

‘एकरी दोन टन जिप्सम टाका, खारवट रान एका हंगामात सुधारतं’ असा मेसेज ऊस उत्पादकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज. ते लागू पडतं चोपण जमिनीला. सामू (पीएच) ८.५ च्या वर, विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त. पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकूळ फुटता फुटत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं. मात्र सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जायला हवा. निचरा नसेल तर तो मुळांपाशीच राहतो आणि पैसे मातीत जातात, अक्षरशः.

पृष्ठभागावर पांढरा थर, सामू ८.५ च्या आत, पण विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, ही झाली क्षारयुक्त जमीन. तिला जिप्सम म्हणजे आणखी एक क्षार. तिथे आधी निचऱ्यासाठी चर काढा, मग चांगल्या पाण्याने क्षार धुवून काढा.

चोपण रानातही मात्रा मेसेजवरून नव्हे, माती परीक्षणातल्या जिप्समच्या गरजेवरून ठरते. बारीक भुकटी वरच्या २० सेंमी थरात मिसळा, सोबत कुजलेलं शेणखत द्या, पाणी साठवून मुरू द्या. नंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून ४५-५० दिवसांनी जमिनीत गाडा. रान चुनखडीचं असेल तर गंधकही चालतं. फक्त त्याला वेळ लागतो.