मॉड्यूल नोकरी लागल्यावर नको, दुसऱ्या प्रोग्रामलाच शिकवा

नमस्कार सर, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पायथन शिकणाऱ्या पोरांना लूप-फंक्शन धड येत नाही तोवर मॉड्यूल (इतर प्रोग्रामांनाही वापरता येणारी कोडची फाइल) आणि पॅकेज (अशा फाइलींचा फोल्डर) डोक्यात घालू नये, चाळीस ओळींचा प्रोग्राम एका फाइलीत सुखाने राहतो, बाकीचं नोकरी लागल्यावर शिकतील, आणि फोल्डर पॅकेज म्हणून ओळखला जावा म्हणून त्यात ठेवायची इनिट फाइल (__init__.py) तर आता लागतही नाही.

ओळी किती हा मुद्दाच नाहीये हो. तेच फंक्शन दुसऱ्या प्रोग्रामला लागलं की मॉड्यूलची वेळ आली, मग फाइल वीसच ओळींची का असेना. दहावीच्या टक्केवारीचंच घ्या ना. पोरं फंक्शन लिहितात, मार्कशीटच्या प्रोग्रामात टाकतात, तिथून कॉपी करून मेरिट लिस्टमध्ये पेस्ट, आणि मग कुणीतरी आठवण करून देतं की अरे आपल्या बोर्डात बेस्ट ऑफ फाइव्ह धरतात. एका फाइलीत दुरुस्ती होते, दुसरी राहून जाते. ९०, ८५, ८०, ७५, ७०, ५० असे मार्क असलेल्या मुलीला एकीकडे ६०० पैकी ४५० म्हणजे ७५ टक्के आणि दुसरीकडे ५०० पैकी ४०० म्हणजे ८० टक्के! एरर कुठेच नाही, दोन्ही प्रोग्राम व्यवस्थित चालतात, म्हणून तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच फंक्शन एका वेगळ्या पाय (.py) फाइलीत ठेवून दोन्हीकडे इम्पोर्ट केलं, म्हणजे तिथून मागवून घेतलं, की दुरुस्ती एकाच जागी. मॉड्यूल म्हणजे एवढंच.

इम्पोर्टला पोरं बिचकतात हे खरंय, पण त्यांना कुणी सांगतच नाही की पहिल्यांदा इम्पोर्ट करताना पायथन ती अख्खी फाइल वरून खाली चालवतो. खाली टेस्टिंगसाठी इनपुट लिहून ठेवलेलं असलं की मेरिट लिस्ट सुरू करताच स्क्रीनवर "मार्क टाका" येतं. तो गोंधळ आधी होऊ द्यावा, मगच डबल अंडरस्कोर नेम आणि मेनवाला इफ (if __name__ == '__main__':) दाखवावा, म्हणजे फाइल थेट रन केली तरच इनपुट चालतं हे लगेच पटतं. नुसता पाठ करायला दिला तर काही उपयोग नाही.

इनिट फाइलीचं तुमचं बरोबर आहे, पायथन ३.३ पासून तिच्याशिवायही फोल्डर इम्पोर्ट होतो. तरी मी ती ठेवायला लावतो, कारण पुढे इतरांना देण्यासाठी सेटअपटूल्स या साधनाने पॅकेज बनवायला गेलं की त्यातलं फाइंड पॅकेजेस फंक्शन इनिट नसलेला फोल्डर सरळ सोडून देतं आणि मग पोरं तासन्‌तास शोधत बसतात.

आणि एक, जे नोकरीपर्यंत थांबूच शकत नाही: पोरं स्वतःच्या फाइलीला हमखास रँडम.पाय (random.py) नाव देतात, मग पायथनचं रँडम मॉड्यूल हवं म्हणून इम्पोर्ट रँडम लिहिल्यावर पायथन आधी त्याच फोल्डरात बघतो, यांचीच फाइल उचलतो आणि त्यात रँडइंट हे फंक्शन सापडत नाही म्हणून ओरडतो. हे तर पहिल्याच आठवड्यात होतं ना सर?