व्हिनेगरशिवाय पोच्ड एग होत नाही? खुलासा

‘पाण्यात व्हिनेगर घातल्याशिवाय पोच्ड एग (कवच फोडून थेट गरम पाण्यात शिजवलेलं अंडं) जमतच नाही’ असा दावा सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. आम्लामुळे अंड्याचा पांढरा भाग लवकर गोठतो, हे बरोबर; पण व्हिनेगर जरा जास्त पडलं की अंड्याची नाजूक चव आंबट वासाखाली दबते, आणि ते फार वाईट वाटतं.

पांढरा भाग पाण्यात विस्कटतो तो मुख्यतः अंडं जुनं असल्यामुळे. दिवस जातात तसा त्यातला दाट भाग सैल, पाणीदार होत जातो. म्हणून अंडं आधी बारीक गाळणीत फोडा. पातळ भाग खाली गळून जाईल. उरलेलं वाटीत घेऊन अलगद पाण्यात सोडा. पाणी खळखळ उकळतं नको. ८०-८५ अंश सेल्सिअस पुरे, ३-४ मिनिटं.

आणि पाणीच हवं असंही नाही! लसूण-मिरची घातलेल्या दाटसर टोमॅटो सॉसमध्ये खळगे करून अंडी सोडा, झाकण ठेवा, आच मंद. टोमॅटो मुळातच आंबट, व्हिनेगर लागतच नाही. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी मात्र पिवळा बलक पूर्ण घट्ट होऊ द्या.