५३१ रुपयांची शिकवणी

बाबांची स्कूटर २०१४ची. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची म्हणून घरात घाई चाललेली, आणि आमच्याकडची सगळी ‘ऑनलाइन कामं’ माझ्या गळ्यात. ठाण्याच्या मामलेदारला मिसळ येईपर्यंत उरकून टाकू म्हटलं. मोबाइलवर शोधलं, सगळ्यात वर आलं ते उघडलं. गाडी नंबर, चासी नंबर, मोबाइल नंबर. रक्कम ५३१. दुचाकीचा खरा दरही तोच, मग शंका कुठून येणार? पिन टाकला, मिसळ आली.

रात्री पावती शोधताना पैसे कुणाला गेले ते बघितलं. कुणा एका माणसाचं नाव. पिन टाकण्याआधीही ते स्क्रीनवर होतंच, मीच वाचलं नव्हतं. आणि सगळ्यात वर दिसलेली ती साइट म्हणजे जाहिरात होती. बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं.

मी वागळे इस्टेटला अकाउंट्स बघते. एका रुपयाचा फरक आला तरी जेवायला उठत नाही. तेव्हा ‘अडाणी लोकच फसतात’ हे कृपया कमेंटमध्ये लिहू नका. फसतो तो घाईतला माणूस.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रारही टाकली. (लगेच केलात तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात. मी रात्री केला.)

पण माझा खरा राग आहे तो फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या सल्ल्यांवर. ‘साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह बघा.’ अहो, कुलूप एवढंच सांगतं की तुमचं आणि साइटचं बोलणं मध्ये कुणी ऐकत नाहीये. पलीकडे बँक बसलीय की चोर, त्याला काय त्याचं! चोरालाही ते फुकटात मिळतं. क्रोमने तर २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. ‘शुद्धलेखनाच्या चुका बघा.’ मला फसवणाऱ्या साइटचं मराठी आमच्या सोसायटीच्या नोटिशीपेक्षा सुबक होतं.

बघायचा तो पत्ता, आणि तोही शेवटाकडून. पोस्टमन पाकिटावर आधी पिनकोड बघतो ना, तसं. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगदी अलीकडे जे नाव असतं, साइट त्याची. सुरुवातीला ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’ असं सरकारी नाव कुणीही लिहील. त्यापुढे ‘डॉट अमुकतमुक डॉट एक्सवायझेड’ आलं की मालक अमुकतमुक. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट दिलाय, तो फक्त बँकांनाच मिळतो. आणि पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड लक्षात ठेवून आपल्यासाठी भरणारं ॲप) वापरत असाल तर तो खोट्या पत्त्यावर पासवर्ड आपणहून भरतच नाही. तो गप्प बसला की आपणही थांबावं.

अर्थात एचएसआरपीच्या बाबतीत हेही पुरत नाही. परिवहन खात्याच्या साइटवरून सुरुवात केली तरी बुकिंगसाठी ठेकेदार कंपनीच्या पोर्टलवर जावं लागतं, आणि तिच्या पत्त्यात जीओव्ही नसतं. सामान्य माणसाने ओळखायचं कसं? माझी बँकही तशीच. सोमवारी मेसेज, ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका.’ गुरुवारी तिचाच मेसेज, केवायसीसाठी लिंकसकट. सवय लावायची यांनी आणि निष्काळजी ठरायचं आपण!

म्हणून आता लिंकवरून जायचंच नाही, सर्चवरूनही नाही, असं ठरवलंय. बाबांनी तर जुनी टेलिफोन डायरी काढलीय. बँकेचा पत्ता पासबुकावरून उतरवून घेतला, वीजबिलाचा बिलावरून. ‘ब’च्या पानावर बँक, ‘व’च्या पानावर वीज. मोबाइलवर टाइप करताना चष्मा लावून एकेक अक्षर ताडून बघतात. दहा मिनिटं लागतात, लागू देत.

प्लेट बसली एकदाची. ‘न’च्या पानावर बाबांनी लिहून ठेवलंय: नंबरप्लेट, १०६२ रुपये.