कटिंगबरोबर प्लास्टिक फुकट

टपरीवर काचेचा ग्लास घेऊ नका. तो दिवसभर एकाच बादलीत बुचकळतात, शी! तुम्ही कागदी कप मागा. कागद म्हणजे झाड, झाड म्हणजे निसर्ग, आणि निसर्गप्रेमी तर तुम्ही आहातच. फक्त कपात आतून बोट फिरवू नका. नुसत्या कागदात चहा टिकला असता तर लहानपणी आपल्या होड्या बुडाल्या नसत्या. म्हणून आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली अशा कपांत ८५ ते ९० अंशांचं पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर १०० मिलीत सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. तेव्हा चहा घाईघाईत संपवू नका. पंधरा मिनिटं राजकारणावर बोला, कण नीट उतरू द्या, मग घोट घ्या.

चहा वर्ज्य असेल तर बाटलीबंद पाणी आहेच. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली मोजलं, तेव्हा लिटरला सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले. एवढा ऐवज वीस रुपयांत आणखी कुठे मिळतो?

नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ जणांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं. उरलेले पाच जण कुठे कमी पडले, हे कुणी विचारलंच नाही.

मग इटलीतल्या डॉक्टरांनी २५७ रुग्णांच्या मानेच्या धमनीतून काढलेली चरबीची पुटं तपासली. १५० जणांच्या पुटांत पॉलिथिन होतं. ज्यांच्या पुटांत प्लास्टिक सापडलं, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचारपट दिसला. घाबरू नका. प्लास्टिकमुळेच हे झालं असं यातून सिद्ध होत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. तेवढंच वाक्य पाठ करा, बाकीचा निबंध सोडून द्या. हळदीच्या पाण्याने कर्करोग पळतो, हे तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवरच्या एका फॉरवर्डवर मान्य केलंत. इथे मात्र पुरावा कडक मागा. विज्ञाननिष्ठा कुठे तरी दिसायला हवी ना.

बायको म्हणेल, डेअरीत जाताना स्टीलची बरणी न्या. तिला सांगा, २०२५च्या ऑगस्टमध्ये जगभरचे देश जिनिव्हात प्लास्टिकच्या करारासाठी जमले आणि करार न करताच घरी गेले. एवढ्या थोरामोठ्यांना जमलं नाही, तिथे आपण बरणी घेऊन पुढे जायचं म्हणजे आगाऊपणाच.

आणि दुपारी ऑफिसात पार्सल चहा मागवा. राज्यात २०१८पासून पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे टपरीवाला पिशवी गल्ल्याखालून काढतो, एवढाच काय तो फरक. उकळता चहा तिच्यात ओतून तो दोऱ्याने करकचून गाठ मारून देईल. ती गाठ आजवर कुणाला सुटलेली नाही. कोपरा दातांनी तोडा.