ऑफर उल्सानची आणि घर सोलला? कोरियाला निघालेल्यांना मिळणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

कोरियाला निघालेल्या आपल्या मुलामुलींना एक सल्ला हमखास फॉरवर्ड होतो. त्याचं सार असं: ऑफर कुठलीही असो, राहायचं सोलमध्येच. सोलबाहेर इंग्रजी चालत नाही, शाकाहारी माणसाचे हाल होतात, आपली माणसं भेटत नाहीत, व्हिसाची कामं रखडतात आणि करिअर तिथेच अडकतं. मी दक्षिणेला, छांगवॉनला राहतो. या सल्ल्यापायी चांगल्या ऑफर नाकारणारे आणि पहिल्याच वर्षी पैसे, झोप दोन्ही घालवून बसलेले लोक मी पाहिलेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे ‘शहर निवडा’ हे म्हणणंच बहुतेकांना लागू होत नाही. आपल्याकडून येणारे इंजिनिअर सहसा ई-7 या कुशल नोकरीच्या व्हिसावर येतात आणि तो व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. कंपन्या कुठे आहेत ते पाहा. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, पण एलजीच्या घरगुती उपकरणांचं कोरियातलं माहेर छांगवॉन. तळेगावचा कारखाना घेणाऱ्या ह्युंदाईचा सगळ्यात मोठा पसारा उल्सानला, तर गाड्यांचं संशोधन ह्वासॉंगजवळ नामयांगला. माणगावजवळ विळे-भागाडला पोस्को या पोलाद कंपनीचा कारखाना आहे. पोस्कोच्या भट्ट्या पोहांग आणि ग्वांगयांगला. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचं मुख्यालयसुद्धा सोलला नाही, सुवॉनला आहे. चिपचे कारखाने कीहुंग, ह्वासॉंग आणि प्यॉंगतेकला. चिप बनवणाऱ्याच एसके हायनिक्सचे कारखाने इछॉन आणि छॉंगजूला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पीएचडी करून पोस्टडॉकला येणाऱ्यांची तर जुनी परंपरा आहे, आणि त्यांतले कितीतरी जण ग्वांगजू, देजॉन, बुसान अशा शहरांतल्या प्रयोगशाळांत असतात. या सगळ्यांना ‘सोलमध्येच राहा’ सांगणं म्हणजे नोकरी एकीकडे आणि घर दुसरीकडे ठेवा असं सांगणं आहे.

इथेच एक इशारा देतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी असलेला ई-9 व्हिसा ज्या देशांना मिळतो त्या यादीत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. ‘ई-9 वर पाठवतो, शहर तुमच्या पसंतीचं’ म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. ई-9 वाल्यांना तर शहर सोडा, कारखाना बदलायलाही कडक मर्यादा आहेत.

‘कोरियात गाड्या वेगवान आहेत, रोज ये-जा जमते’ हा नोकरी एकीकडे, घर दुसरीकडे ठेवण्यामागचा ठरलेला युक्तिवाद. केटीएक्स या वेगवान रेल्वेने सोल ते देजॉन साधारण तासाभरात होतं, बुसानला अडीच तासांच्या आसपास लागतात, हे खरं. पण हा वेळ स्टेशन ते स्टेशन आहे. घरापासून स्टेशन आणि स्टेशनपासून कारखान्याचं गेट हे दोन तुकडे कुणी मोजत नाही. मार्च 2024 मध्ये जीटीएक्स-ए ही वेगवान उपनगरी रेल्वे सुरू झाल्यापासून सोलमधलं सुसॉ ते ह्वासॉंगमधलं तोंगतान वीसेक मिनिटांत होतं, त्यामुळे ह्वासॉंगला नोकरी असलेल्यांची सोय झाली हे मान्य. मात्र सुसॉ पडतं कांगनामच्या बाजूला, आणि सोलमधली महागडी घरं तिथलीच. शिफ्टची नोकरी असेल तर विषयच संपला. पहाटेच्या शिफ्टला पोचवणारी गाडी नसते, आणि कंपनीची बस असली तरी ती तुमच्या दारात येत नाही.

आता पैशांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. किमान वेतन देशभर एकच आहे, 2026 साठी ताशी 10,320 वॉन. आरोग्य विम्याचे नियमही सगळीकडे सारखे. फरक पडतो तो घराच्या अनामत रकमेत. सोलमध्ये एका खोलीच्या घराला, इथल्या भाषेत वनरूमला, 50 लाख ते 1 कोटी वॉन अनामत मागणं नेहमीचं आहे; 1 कोटी वॉन म्हणजे साधारण सहा लाख रुपये. वर महिन्याचं भाडं सहा-सात लाख वॉन आणि मेंटेनन्स वेगळा. देजॉन किंवा ग्वांगजूला विद्यापीठाच्या आसपास तशीच खोली 10 ते 30 लाख अनामत आणि तीन-चार लाख भाड्यात मिळू शकते. नुकत्याच आलेल्या माणसाकडे ही अनामत येणार कुठून? घरून कर्ज काढून. मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू झाल्या.

त्यातून कुणी ‘जॉन्से घे, भाडं वाचेल’ असं सुचवतं. जॉन्से म्हणजे मोठी रक्कम एकदम ठेवायची आणि भाडं द्यायचं नाही. 2022-23 मध्ये इंचॉनच्या मिछुहोल भागात आणि सोलच्या कांगसॉमध्ये याच पद्धतीत शेकडो कुटुंबं बुडाली, काहींनी जीव दिला, आणि सरकारला 2023 मध्ये पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. शहर कुठलंही असो, सही करण्याआधी एजंटच्या कार्यालयात बसूनच मालमत्तेच्या नोंदीचा उतारा मागा. तो 700 वॉनमध्ये ऑनलाइन पाहता येतो. पहिल्या भागात इमारतीचं वर्णन, दुसऱ्यात मालकाचं नाव, तिसऱ्यात गहाण आणि कर्ज. तिसरा भाग कोरा आहे का आणि दुसऱ्यातलं नाव समोर बसलेल्या माणसाच्या ओळखपत्राशी जुळतं का, एवढं तरी बघाच. राहायला गेल्यावर पत्ता बदलल्याची नोंद करा आणि करारावर तारखेचा शिक्का घ्या. परदेशी माणसाच्या अनामतीला कायद्याचं संरक्षण मिळतं ते याच दोन गोष्टींनी.

‘सोलबाहेर शाकाहारी माणूस उपाशी राहतो.’ कोरियात शाकाहारी माणसाची अडचण होते, पण ती सोलमध्येही तेवढीच होते. साध्या सूपच्या पाण्यात सुकी मासळी उकळलेली असते आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो, मग शहर कुठलंही असो. सोलच्या इतेवॉनमध्ये भारतीय किराणा दुकानं आहेत, चांगलीच आहेत. पण रविवारी बुसानशेजारच्या किमहेच्या तोंगसांग बाजाराकडे चक्कर मारा. आसपासच्या कारखान्यांतले नेपाळी, श्रीलंकन, उझबेक कामगार सुट्टीच्या दिवशी तिथे लोटलेले असतात. कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, मसूर, मोहरीचं तेल, आणि वरच्या मजल्यावर डाल-भात वाढणारी खानावळ. दुकानदाराशी हिंदीत बोललं तरी चालतं. सोलजवळच्या आनसान शहरातल्या वॉंगोकदोंगमध्येही असंच. तूरडाळ आणि पोहे ऑनलाइन मागवले की कुठेही घरपोच येतात.

भाषेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. सोलमध्ये कॉफी इंग्रजीत मागता येते. पण बँकेत, दवाखान्याच्या खिडकीवर, घरमालकाशी भांडताना तिथेही कोरियनच लागतं. परदेशी लोकांना कोरियन भाषा शिकवणारे सरकारचे सामाजिक एकात्मीकरणाचे वर्ग सोलबाहेरही भरतात, आणि ते पूर्ण केल्याचे गुण पुढे एफ-2-7 या निवासी व्हिसासाठी धरले जातात. दक्षिणेत खरी अडचण वेगळीच येते, ती म्हणजे बुसान-उल्सानकडच्या ग्यॉंगसांग भागाची बोली. पुस्तकातून शिकलेलं कोरियन उल्सानच्या फोरमनसमोर सुरुवातीला काहीच कामाला येत नाही. याची तयारी ठेवूनच या.

व्हिसाची कामं सोललाच होतात हे तर सरळ चूक आहे. इमिग्रेशनचं काम नोंदवलेल्या पत्त्यानुसार त्या भागाच्या कार्यालयात होतं. बुसान, देजॉन, ग्वांगजू, छांगवॉन, उल्सान सगळीकडे कार्यालयं आहेत. शंका असेल तर 1345 या इमिग्रेशनच्या हेल्पलाइनवर फोन करा, इंग्रजीत बोलता येतं. भारतीय दूतावास मात्र सोलला आहे, पासपोर्टसाठी तिथे जावं लागेल. तेवढ्यासाठी दर महिन्याला दुप्पट भाडं भरायचं कारण नाही.

राहिलं करिअर. सॉफ्टवेअरवाल्यांचं वेगळं आहे. नोकऱ्या बदलत राहायचं असेल तर राजधानीचा परिसर सोयीचा, हे मी नाकारत नाही; पण तिथेही बऱ्याच मोठ्या कंपन्या सोलच्या हद्दीबाहेर, शेजारच्या सॉंगनाम शहरातल्या फांग्योमध्ये आहेत. संशोधकांसाठी देजॉनसारखं दुसरं शहर कोरियात नाही. देदॉकची संशोधन नगरी 1973 पासून तिथे उभी आहे, काइस्ट ही नामांकित विज्ञान-तंत्रज्ञान संस्था तिथेच आहे. शिवाय लोकसंख्या घटत चाललेल्या भागांसाठी सरकारने 2022 मध्ये एफ-2-आर हा प्रादेशिक व्हिसा प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. ठरलेली वर्षं त्या भागात राहण्याची अट मान्य केली तर निवासी दर्जा मिळतो आणि जोडीदारालाही काम करता येतं. सोलमध्ये राहणाऱ्याला हा रस्ता बंद आहे.

शाळेत जाणारी मुलं सोबत असतील तर मात्र त्या सल्ल्यातली काळजी रास्त आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळा सोल, सोंगदो, बुसान, जेजू अशा मोजक्याच ठिकाणी एकवटल्या आहेत आणि त्यांची फी अवाच्या सवा असते. अशा वेळी ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला स्पष्ट विचारा: मुलांची फी कंपनी देते का, कंपनीचं क्वार्टर मिळतं का, आणि मिळत नसेल तर अनामत रक्कम कंपनी भरते का. उत्तर ईमेलवर लेखी घ्या. दक्षिणेतल्या कोजे बेटावरच्या जहाजबांधणी कारखान्याची ऑफर असेल तर आणखी एक विचारा: कंपनीची बस कुठून सुटते आणि शेवटची कितीला. कोजेला रेल्वे नाही, उल्सानला मेट्रो नाही, आणि स्वतःची गाडी नसेल तर तिथे तुमचं घर कुठे असावं हे त्या बसच्या थांब्यावरच ठरतं.