एक रात्र वाचते!

परदेशी फिरायला जायचं ठरलं की आमच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रात्रीचं विमान घेऊ, हॉटेलची एक रात्र वाचते." बोलणारा माझा मेहुणा. त्याचा आवेश असा, जणू ती रात्र कुणी पळवून नेत होतं आणि यानं धावत जाऊन सोडवून आणली. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: "सकाळी सहाला उतरायचं, तिथंच गाडी घ्यायची आणि सुटायचं. दुपारी जेवायला डोंगरात!"

सुटणार सगळे. चालवणार मी.

मेहुण्याचा एक्सेलवर फार जीव. ६:०० विमान उतरणे. ६:४५ इमिग्रेशन आणि सामान. ७:०० गाडी ताब्यात. ७:१५ प्रस्थान. पुढे ५२० किलोमीटर, साडेपाच तास. हे साडेपाच तास नकाशाच्या ॲपनं सांगितलेले. त्या ॲपमधला ड्रायव्हर मोठा संयमी माणूस असावा. तो पाणी पीत नाही, त्यामुळे त्याला कुठं थांबावंही लागत नाही. टोलनाक्यावर तो चुकीच्या रांगेत शिरत नाही. आणि मागच्या सीटवरून "मला मळमळतंय" असं त्याला कुणी सांगत नाही.

पण माझं खरं भांडण त्याच्या वरच्या ओळीशी आहे. तिथं लिहिलंय: "विमानात झोप: ७ तास." हे सात आले कुठून? तर प्रवास नऊ तासांचा, त्यातून जेवणाचा एक आणि नाश्त्याचा एक वजा. हिशेबाला तोड नाही. फक्त ती झोप मी घ्यायची आहे, बसून. विमानातली सीट मागे जाते ती मागच्याला राग येईल इतकी; पुढच्याला झोप लागेल इतकी मात्र जात नाही. केबिनमधली हवा विरळ, साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तशी, आणि दमटपणा बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्याही खाली. म्हणजे मंडळी दुपारी डोंगरात पोहोचणार असली तरी मी आदली अख्खी रात्र डोंगरावरच काढलेली असते, घसा कोरडा करून. इतकं सोसून डोळा लागलाच, तर नेमके तेव्हाच दिवे लागतात आणि कुणीतरी प्रेमानं विचारतं, ऑम्लेट चालेल का?

खरी गोम अशी की ती एकच रात्र तक्त्यात दोनदा जमा झाली आहे. एकदा हॉटेलच्या वाचलेल्या भाड्यात आणि एकदा माझ्या झोपेत. खर्चाच्या रकान्यात ती कुठंच नाही.

ती खर्ची पडते गाडीत. प्रस्थानाच्या वेळी, तुरळक डुलक्या सोडल्या तर, मी सुमारे २८ तास जागा असणार. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि मेंदू रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात. कित्येक देशांत दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा याच आकड्यापासून सुरू होतो. चोवीस तास जागलं की मामला ०.१० च्या आसपास जातो. पण काउंटरवरचा माणूस पासपोर्ट बघतो, लायसन्स बघतो, आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका उलटीसुलटी करून बघतो, क्रेडिट कार्डावर अनामत अडकवून ठेवतो आणि जादा विम्याचा आग्रह धरतो. माझ्या तोंडाकडे मात्र बघत नाही. बघितलं असतं तर किल्ली दिली नसती.

त्यातून त्या देशात वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं. माझा जन्म डाव्या बाजूनं चालवण्यात गेलेला. स्वीडननं हाच बदल ३ सप्टेंबर १९६७ रोजी केला. संसदेनं निर्णय घेतला १९६३ साली, म्हणजे तयारीला चार वर्षं. त्या पहाटे बहुतेक वाहनांना रस्त्यावर यायची बंदी होती. जी होती ती ४:५० ला थांबली, जपून पलीकडच्या बाजूला गेली आणि पाच वाजेपर्यंत तिथंच उभी राहिली. एका सबंध देशानं, झोप झालेल्या माणसांनिशी, एवढी खबरदारी घेतली. मला मिळणार कस्टमच्या दारापासून पार्किंगपर्यंतची वेळ, आणि तीही ट्रॉली ढकलण्यात जाणार. मग वळायचं म्हणून इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू होतो. कोरड्या काचेवर, लख्ख उन्हात. स्थानिक लोक हे बघून काय ते ओळखतात आणि अंतर ठेवून जातात, तेवढंच बरं.

आता शरीराचं घड्याळ. ते दिवसाला साधारण एक तास या बेतानं नव्या वेळेशी जुळवून घेतं; त्याला तक्ता दाखवून उपयोग नसतो. पहाटे आणि पुन्हा दुपारी दोन ते चार त्याला गुंगी येते. आम्ही चाललोय पश्चिमेला, घड्याळ सुमारे चार तास मागे. म्हणजे घरची दुपारची गुंगी तिथं सकाळी दहा ते बाराच्या सुमारास, भर हमरस्त्यावर. ताशी शंभरच्या वेगात चार सेकंद डोळा मिटला तर गाडी एकशेदहा मीटर पुढे गेलेली असते, कुणीही चालवत नसताना.

हे सगळं मी मेहुण्याला ऐकवलं. त्याच्याकडे उपाय तयार होते. "काच खाली करायची." "गाणी लावायची." दोन्हींचा परिणाम घटकाभर टिकतो, मी म्हटलं. कॉफी चालते, पण ती अंगात भिनायला अर्धा तास घेते. म्हणून कॉफी पिऊन लगेच गाडी बाजूला लावायची आणि पंधरा-वीस मिनिटं झोपायचं, हाच त्यातल्या त्यात शहाणपणा. तोसुद्धा वेळ मारून नेण्यापुरता. तक्त्यात ही पंधरा मिनिटं बसेनात. "मी गप्पा मारून जागं ठेवीन ना तुम्हाला, दाजी," तो म्हणाला. हा गृहस्थ गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकूनच झोपतो. पट्टा मी लावतो त्याचा.

शेवटी बायकोनं निकाल दिला: पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात, गाडी दुसऱ्या दिवशी. मी ताबडतोब बुकिंग केलं. पाचच मिनिटांत मेल आली. चेक-इन दुपारी तीन वाजता.

मेहुण्यानं ती माझ्या खांद्यावरून वाचली. "सहा ते तीन, नऊ तास!" त्याचे डोळे चमकले. "गाडी सकाळीच घेऊ की, दाजी. दीडशे किलोमीटरवर एक किल्ला आहे, जाऊन येऊ. जाताना मी झोप काढतो, येताना तुम्ही काढा."

"आणि येताना चालवणार कोण?" मी विचारलं.

तो अजून नकाशा मोठा करून बघतोय.